विश्लेषण : स्टेंट बसला, रुग्ण गावी परतला... पुढे काय?

पुण्याच्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी होते आणि गुंतागुंत नसेल तर तीन-चार दिवसांत रुग्ण जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील आपल्या घरी परततो. जीव वाचलेला असतो. पण गोळ्या किती दिवस घ्यायच्या, शेतात कधी जायचे, मोटारसायकल चालवायची का, पुन्हा छातीत दुखले तर काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे अनेकदा सोबत येत नाहीत. झटक्यानंतरचे आयुष्य कसे जाणार, हे मात्र बऱ्याच अंशी याच उत्तरांवर ठरते.

झटक्यात काय होते आणि स्टेंटने काय साधते?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि रक्तप्रवाह थांबतो. पलीकडचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, या दोन मार्गांनी धमनी पुन्हा उघडली जाते. स्टेंट म्हणजे ती उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी.

इथेच मोठा गैरसमज होतो. ‘ब्लॉक काढला, आजार गेला,’ असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात स्टेंट एका जागेची दुरुस्ती करतो. चरबी साचण्याची प्रवृत्ती, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूची सवय तशीच राहते. मेलेला स्नायूही परत येत नाही. त्यामुळे उरलेल्या स्नायूची ताकद किती, हे इकोच्या तपासणीतून समजून घेणे गरजेचे असते. अहवालात ‘ईएफ’ म्हणून लिहिलेला आकडा साधारण ५५ ते ७० असेल तर पंपिंग चांगले मानतात. तो ४० च्या खाली असेल तर कामाचे आणि औषधांचे नियोजन अधिक काळजीपूर्वक करावे लागते. आपला हा आकडा प्रत्येक रुग्णाला आणि घरातील एकाला तरी पाठ असायला हवा.

जुन्नर-आंबेगावसाठी हा प्रश्न वेगळा का?

एक कारण अंतराचे. मंचरहून पुणे सुमारे ६० किलोमीटर, नारायणगावहून ७५ आणि जुन्नर शहरातून ९० किलोमीटरहून अधिक. वाटेत चाकणची वाहतूक कोंडी. आंबेगावच्या पश्चिमेला डिंभे धरणापलीकडच्या आहुपे खोऱ्यातून किंवा जुन्नरच्या नाणेघाट परिसरातून निघालेल्या रुग्णाला तर आधी तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव, नारायणगाव आणि जुन्नरची ग्रामीण रुग्णालये हा पहिला आधार. हृदयरोगतज्ज्ञाकडील फेरतपासणीसाठी मात्र अनेकांना पुण्याचीच वाट धरावी लागते. एका फेरीत घरातल्या दोघांचा दिवस जातो आणि मजुरी बुडते. बरे वाटू लागले की ही फेरीच सर्वात आधी टळते.

दुसरे कारण कामाचे. ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे आणि दुभती जनावरे यांवर चालणाऱ्या घरात ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला अपुरा पडतो. टोमॅटोचे क्रेट, पाठीवरचा फवारणी पंप, रात्रीच्या विजेवर भरायचे पाणी, बिबट्याच्या भीतीने हातात घेतलेली काठी आणि बॅटरी, हे इथले रोजचे व्यायाम. पश्चिम भागातील आदिवासी गावांत चढ-उतार, भातलावणी आणि हिरडा गोळा करणे. शहरातील रुग्णासाठी छापलेल्या पत्रकात यातले काहीच नसते.

तिसरे कारण वयाचे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांच्या तुलनेत काही वर्षे लवकर येत असल्याचे दिसले. म्हणजे मुलांची शिक्षणे, लग्ने आणि सोसायटीचे कर्ज बाकी असतानाच घरचा कर्ता किंवा कर्ती आजारी पडते.

‘जीवनमान’ मोजतात कसे?

झटक्यानंतर माणूस किती वर्षे जगला, एवढेच आता वैद्यकशास्त्र मोजत नाही. कसा जगला, हेही मोजते. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. ‘मॅकन्यू’ नावाच्या प्रश्नावलीत २७ प्रश्न असतात आणि ते मागील दोन आठवड्यांबद्दल विचारले जातात. शारीरिक त्रास, मनाची स्थिती आणि लोकांतला वावर, असे तीन भाग त्यात येतात. धाप लागते का, आत्मविश्वास कमी झाला का, आपण इतरांवर ओझे आहोत असे वाटते का, घरचे जास्तच जपतात का, अशा स्वरूपाची विचारणा असते.

गावच्या भाषेत हेच प्रश्न असे होतील : डेअरीपर्यंत दूध घालायला चालत जाता येते का? भजनाला, दशक्रियेला, लग्नाला जाता का? रात्री झोप लागते का? लेण्याद्रीच्या पायऱ्या चढण्याची हिंमत होते का? स्टेंट उत्तम बसला आणि या सगळ्याला ‘नाही’ असे उत्तर आले, तर उपचार अर्धाच झाला आहे.

गोळ्या किती दिवस? चूक कुठे होते?

सर्वात धोक्याची चूक म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणे. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक, अशा दोन गोळ्या साधारण वर्षभर दिल्या जातात. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. त्यानंतरही एक गोळी बहुधा कायम राहते. सुरुवातीच्या महिन्यांत त्या अचानक थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा, अधिक घातक झटका येऊ शकतो. दात काढायचा असो वा छोटी शस्त्रक्रिया, हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या गोळ्या थांबवू नयेत.

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे ॲटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन, ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून बंद केली जाते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. झटका येऊन गेलेल्यांमध्ये एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली ठेवावे, असे सध्याची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी माणसासाठी असते, हेही लक्षात ठेवायला हवे.

काही गोळ्या त्रासामुळे सुटतात. रामिप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला येतो, मेटोप्रोलॉलने सुरुवातीला थकवा वाटतो, लघवीची गोळी एसटीच्या प्रवासाच्या दिवशी टाळली जाते. या तिन्हींवर उपाय आहेत : गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, वेळ पुढे-मागे करता येते. फक्त डॉक्टरांना सांगावे लागते. एकादशी, संकष्टी किंवा रोजाच्या काळातही गोळ्या चुकू नयेत, यासाठी वेळापत्रक आधीच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कंबर किंवा गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून घेतलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके झटक्यानंतर धोक्याची ठरतात. त्यांनी पुन्हा झटक्याची आणि पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. शौचास काळी, डांबरासारखी होऊ लागली तर थेट रुग्णालय गाठावे.

शेतातले काम कधी सुरू करायचे?

गुंतागुंत नसलेल्या रुग्णाने पहिल्या आठवड्यात घराभोवती दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे चालावे आणि दर काही दिवसांनी वेळ वाढवावी. चार ते सहा आठवड्यांत अर्धा तास सलग चालणे बहुतेकांना जमते. मोजमाप सोपे आहे : चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताना दम लागला तर वेग कमी करायचा.

काम हलक्याकडून जडाकडे न्यायचे. आधी भाजी निवडणे, हिशेब, देखरेख. मग वैरण टाकणे, दूध घालायला जाणे, खुरपणी. क्रेट उचलणे, कुदळ-फावडे, भरलेला पंप पाठीवर घेणे, ऊसतोड ही कामे सर्वात शेवटी, तीही फेरतपासणीनंतर डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच. बायपास झालेल्यांच्या छातीचे हाड जुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर जड उचलणे आणि खाचखळग्यांतून दुचाकी चालवणे टाळावे. जेवणानंतर लगेच आणि कडाक्याच्या थंडीत श्रमाचे काम नको, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा ताण वाढतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे पाणी भरण्याची पाळी पहिल्या वर्षी तरी दुसऱ्याने घ्यावी.

स्त्रियांच्या बाबतीत उलटा धोका असतो. पुरुषाला खाटेवरून उठू दिले जात नाही आणि बाई मात्र घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढे, गोठ्यात आणि हंड्याखाली दिसते. घरकाम हेही श्रमाचेच काम आहे, हे घरातील इतरांना समजावणे रुग्णशिक्षणाचाच भाग आहे.

शिवनेरी चढणे, भीमाशंकर किंवा लेण्याद्रीला जाणे, वारीत काही टप्पे चालणे, हे कायमचे बंद होत नाही. सपाटीवर अर्धा तास आणि घरच्या जिन्याचे दोन मजले त्रासाशिवाय जमू लागले की डॉक्टरांशी बोलून तसे ध्येय ठरवता येते. बैलगाडा शर्यतीचा घाट मात्र जरा जपून : ऊन, गर्दी, पाणी कमी आणि जोश फार, असा तो दिवस असतो.

ताटात काय बदलायचे?

ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये हा इथला मूळ आहार हृदयाला चांगलाच आहे. अडचण वरच्या गोष्टींची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर असावे; त्यात स्वयंपाकातलेही आले. ठेचा, लोणचे, पापड, सुकट-बोंबील, फरसाण यांनी ही मर्यादा न कळत ओलांडली जाते. सैंधव मीठही मीठच आहे. ‘कमी सोडियम’ असे लिहिलेले मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. त्यात पोटॅशियम असते आणि रामिप्रिलसारख्या गोळ्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते महागात पडू शकते.

मासवडी वर्ज्य नाही. तिच्यासोबतच्या रश्श्यावरची तर्री वर्ज्य आहे. तेल बदलत राहण्यापेक्षा ते मोजणे महत्त्वाचे : महिन्याला माणशी अर्धा लिटर हा सोपा हिशेब. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल टाळावे. उपवासाची साबुदाणा खिचडी मधुमेहींच्या रक्तातील साखर झटकन वाढवते. त्याऐवजी वरई, ताक आणि फळे मोजून घेता येतील.

तंबाखू, मिश्री आणि मन

विडी-सिगारेट सोडणे हा झटक्यानंतरचा एकटा सर्वात प्रभावी उपाय मानला जातो. ग्रामीण महाराष्ट्रात त्यात मिश्रीची भर घालावी लागते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावणाऱ्या अनेक बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असेच सांगतात, कारण त्यांना कुणी मिश्रीबद्दल विचारतच नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी ही सवय घरातच जपली जाते. मदतीसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

मनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. झटक्यानंतर सुमारे पाचपैकी एकाला नैराश्य येते आणि अशा रुग्णांची गोळ्या व व्यायामाची शिस्त ढासळते. गावात त्याला नैराश्य म्हणत नाहीत. ‘बोलत नाही’, ‘चिडका झाला’, ‘जेवणात लक्ष नाही’ असे म्हणतात. दोन आठवडे ही अवस्था राहिली तर डॉक्टरांना सांगावे. टेलि-मानस १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

संकोचामुळे न विचारला जाणारा प्रश्न वैवाहिक जीवनाचा. दोन जिने दम न लागता चढता येत असतील तर बहुतेकांना काही आठवड्यांत शरीरसंबंध सुरू करता येतात. मात्र जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीसोबत लैंगिक शक्तीची गोळी घेतल्यास रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

पुन्हा दुखले तर पहिली दहा मिनिटे काय करायचे?

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप, मळमळ यांपैकी काही जाणवले की काम सोडून बसावे. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण उभ्याने घेतल्यास चक्कर येते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करावा. सोडा, ओवा, ‘पित्त आहे, उतरेल’ यात वेळ घालवू नये. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप किंवा अचानक गळाठा येऊ शकतो. स्वतः दुचाकी चालवत दवाखान्यात जाऊ नये.

देशातील ८९ केंद्रांवरील २० हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीत (२००८) त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळीचे इंजेक्शन मिळायला सुमारे ५० मिनिटे लागली. सर्वाधिक वेळ घरात आणि वाटेत गेला होता. म्हणूनच पुण्याच्या दिशेने अंदाजाने धावण्याऐवजी जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढणे आणि गरज असल्यास इंजेक्शन घेऊन पुढे जाणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

पाय सुजणे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, रात्री उशा वाढवाव्या लागणे, ही हृदय कमजोर पडत असल्याची चिन्हे आहेत. ती ओळखायला घरचा वजनकाटा पुरतो.

शिकवल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. देशातील १४ रुग्णालयांतील ८०६ रुग्णांवर झालेल्या ‘स्प्रेड’ चाचणीत (२०१६) प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी रुग्णांशी वारंवार बोलून गोळ्या आणि सवयींचा पाठपुरावा केला. वर्षअखेरीस त्या गटात ९७ टक्के रुग्ण नियमित गोळ्या घेत होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ९२ टक्के. तंबाखू सोडणारेही पहिल्या गटात जास्त होते.

२४ केंद्रांवरील ३,९५९ रुग्णांच्या ‘योगा-केअर’ चाचणीत (२०२०) तीन महिन्यांच्या योगाधारित वर्गांनंतर रुग्णांना स्वतःचे आरोग्य अधिक चांगले वाटले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक परतले. मृत्यू किंवा पुन्हा झटका यांत मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. म्हणजे योग गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांच्या सोबत. जगभरातील ८५ चाचण्यांच्या २०२१ मधील कॉक्रेन आढाव्यातही व्यायामाधारित पुनर्वसनाने पुन्हा झटका येणे आणि रुग्णालयात दाखल होणे कमी झाल्याचे दिसले.

गावपातळीवर काय करता येईल?

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपाससारखे उपचार होऊ शकतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवरही सरकारी मर्यादा आहे. पुढच्या अनेक वर्षांच्या गोळ्यांचा खर्च मात्र घराला छोट्या-छोट्या हप्त्यांत सोसावा लागतो. जेनेरिक औषधांची दुकाने आणि सरकारी रुग्णालयातील मोफत औषधे यांची चौकशी डिस्चार्जच्या दिवशीच करावी, कारण पैशांअभावी गोळी थांबणे हे दुसऱ्या झटक्याकडे जाणारे नेहमीचे वळण आहे.

रक्तदाब आणि साखर मोजायला दर वेळी पुणे गाठण्याची गरज नाही. ते काम गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र करू शकते. आशा सेविकेला रुग्णाची माहिती असली तर गोळी चुकल्याचे वेळेत कळते.

रुग्णालयांनी करायचे कामही छोटेच आहे : मराठीत लिहिलेले एक पान, आणि निघण्यापूर्वी रुग्णाने व घरातील एकाने ते स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवणे. कोणती गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, माझा ईएफ किती, कोणते काम कधी सुरू करू, कोणत्या त्रासात कुठे जाऊ आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, या पाच प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ झाल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही घेऊ नये. आणि ती मिळाली नसतील, तर रुग्णाच्या घरच्यांनीही गाडीत बसण्याची घाई करू नये.